आकाशातले गायरान

रेडिओ लहरींचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात ती लहरी पाठवणारी यंत्रे: मोबाइलचे मनोरे, आकाशवाणीची प्रक्षेपण केंद्रे, विमानतळावरचे रडार, घरातला वाय-फाय राउटर. या विज्ञानाची दुसरी बाजू मात्र काहीच पाठवत नाही, ती नुसती ऐकते. तिच्यासाठी प्रक्षेपक असतो तो दूरच्या दीर्घिकेतला हायड्रोजन, ढगांच्या आतली वाफ, पावसाने भिजलेली किंवा उन्हाने सुकलेली जमीन. यातल्या प्रत्येक गोष्टीतून अतिशय क्षीण अशा रेडिओ लहरी बाहेर पडत असतात आणि त्या टिपून खगोलशास्त्रज्ञ विश्वाचा इतिहास लिहितात, तर हवामानशास्त्रज्ञ पुढच्या चार दिवसांचा अंदाज बांधतात. या ऐकणाऱ्या विज्ञानापुढे आज सर्वांत मोठी अडचण उभी आहे ती पैशाची किंवा बुद्धीची नाही, गोंगाटाची आहे. या प्रकरणात त्याबद्दल एकच मुद्दा मांडायचा आहे. माणसाला आपले प्रक्षेपण एका वारंवारितेवरून दुसरीकडे हलवता येते. निसर्गाला ते शक्य नाही. म्हणून रेडिओ वर्णपटाच्या वाटपात शांतता राखण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर असली पाहिजे. आज ती बहुतांशी ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडलेली आहे.

ऐकण्याचे हे शास्त्र जन्मालाच आले ते एका तक्रारीतून. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे एक रुक्ष काम सोपवले होते: समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये ऐकू येणारी खरखर कुठून येते ते शोधायचे. विजांच्या कडकडाटाची खरखर त्याला ओळखता आली. तिच्याखेरीज एक सौम्य, सततची खरखर उरत होती आणि तिचा जोर रोज सुमारे चार मिनिटे आधी वाढत होता. सूर्याच्या नव्हे तर ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याशी जुळणारे हे वेळापत्रक होते. १९३३ मध्ये त्याने जाहीर केले की ही खरखर आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेने येते. तीस वर्षांनी त्याच कंपनीच्या आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आपल्या अँटेनातला एक हट्टी गोंगाट काही केल्या घालवता येईना. तो विश्वाच्या जन्मकाळापासून उरलेला, निरपेक्ष शून्याच्या तीनएक अंशच वरचा उष्मा आहे हे उमगले आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही वेळी शोध लागला तो एका गोष्टीमुळे: माणसाने केलेला सगळा आवाज वजा करून काय उरते ते या लोकांना नेमके सांगता आले. त्या काळात ही वजाबाकी करता येण्याइतकी शांतता उपलब्ध होती.

ही शांतता किती खोल लागते याचा अंदाज आकड्यांशिवाय येत नाही. रेडिओ खगोलशास्त्रात तेज मोजायचे एकक जान्स्कीच्याच नावाने ओळखले जाते. एकावर सव्वीस शून्ये देऊन जी संख्या होईल तिने एका वॅटला भागावे. दर चौरस मीटरवर, दर हर्ट्झला एवढी शक्ती पोचली की ती एक जान्स्की. आता समजा, एक वॅट शक्तीचा जुना टूजी फोन चंद्रावर ठेवून सुरू केला. त्याची शक्ती २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात विखुरते आणि पृथ्वीपर्यंत पोचताना पावणेचार लाख किलोमीटरहून अधिक अंतरात पातळ होत जाते. तरीही हिशेब केला तर तो फोन इथे अडीचशे जान्स्कींहून तेजस्वी दिसेल आणि आकाशातले मोजकेच नैसर्गिक स्रोत त्याच्या पुढे असतील. याउलट आजच्या दुर्बिणी जान्स्कीच्या लाखाव्या भागाइतके क्षीण स्रोतही टिपतात. म्हणजे चंद्रावरचा तो फोन त्यांच्या लक्ष्यापेक्षा अडीच कोटी पटींनी प्रखर ठरेल. आपले फोन तर चंद्रावर नाहीत, दुर्बिणीपासून काही किलोमीटरवरच्या गावात आहेत.

अशी एक दुर्बीण महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजे जीएमआरटी, उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश; त्यांतल्या चौदा मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरच्या आवारात आणि सोळा तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी याआधी कल्याणला लहान डिशांची रांग मांडली होती आणि १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण पूर्ण केली होती. त्यांनी खोडदची जागा निवडली त्यामागे पुण्याची सोबत, आयनांबराच्या दृष्टीने सोयीचे अक्षांश अशी कारणे होती, आणि माणसाने केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी होता हेही त्यांतले एक ठळक कारण होते. पोलादी तारांची जाळी दोरांच्या सांगाड्यावर ताणून केलेली ही डिश स्वस्त आणि वाऱ्याला तोंड देणारी होती. त्या रचनेचे जगभर कौतुक झाले. परिसराची शांतता मात्र कोणत्याही रचनाकाराला बांधता येत नाही. ती आधी असावी लागते आणि नंतर टिकवावी लागते.

ती टिकवायची तर कोणत्या वारंवारितांवर, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. हायड्रोजनचा अणू १४२०.४ मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरीवर, स्वतःची खूण सोडतो. डच शास्त्रज्ञ व्हॅन डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केले आणि १९५१ मध्ये ती खूण प्रत्यक्ष सापडली. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनी १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वच प्रक्षेपणांना बंदी घातली. एवढ्यावर भागले असते, जर विश्व स्थिर असते तर. विश्व प्रसरण पावते, त्यामुळे दूरच्या हायड्रोजनची लहर वाटेत ताणली जाते आणि आपल्याकडे पोचेपर्यंत राखीव पट्ट्याच्या कितीतरी खाली उतरलेली असते. २०२० मध्ये जीएमआरटी वापरून भारतीय संशोधकांनी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांतल्या हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान काढले. हा संकेत मूळ वारंवारितेच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. २०२३ मध्ये ८.८ अब्ज वर्षांपूर्वीच्या एका एकट्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण याच दुर्बिणीने टिपली. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ती भिंगासारखी मोठी केली होती आणि २१ सेंटिमीटरची लहर इथे ४८ सेंटिमीटरची होऊन आली होती. ४८ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ६२० मेगाहर्ट्झ. हा सगळा पट्टा दूरचित्रवाणी आणि मोबाइल सेवांच्या शेजारचा, किंवा थेट त्यांच्याच मालकीचा आहे. म्हणजे जितके मागच्या काळात पाहावे तितके राखीव जागेतून बाहेर पडावे लागते. आज जी जमीन राखीव आहे ती आपल्या शेजारच्या दीर्घिकांपुरती पुरते.

आणखी मागे गेले तर ही अडचण टोकाला जाते. पहिले तारे पेटले त्या काळातल्या हायड्रोजनची लहर आज शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली सापडायला हवी. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा तर आपल्या एफएम रेडिओचा पट्टा. २०१८ मध्ये 'एजेस' या प्रयोगाच्या गटाने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन या निर्जन भागातून ७८ मेगाहर्ट्झला एक खळगा सापडल्याचे जाहीर केले. विश्वाचे वय सुमारे अठरा कोटी वर्षे असतानाचा हा संकेत असावा असे त्यांचे म्हणणे होते, पण तो प्रचलित सिद्धांताच्या अपेक्षेहून कितीतरी खोल होता. तो खरा मानायचा तर भौतिकशास्त्रात काहीतरी नवे आणावे लागत होते. बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेने 'सारस ३' नावाचे उपकरण तयार केले आणि ते कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या बॅकवॉटरवर तरंगत ठेवले. अँटेनाखालच्या जमिनीतल्या वेगवेगळ्या थरांमुळे मोजमापात घोळ होतो, एकसारख्या पाण्यामुळे तो टळतो. २०२२ मध्ये या गटाने सांगितले की एजेसने वर्णन केलेला संकेत आपल्या नोंदींत दिसत नाही आणि त्याची शक्यता आपण ९५ टक्क्यांहून अधिक खात्रीने नाकारतो. वाद अजून पुरता संपलेला नाही. पण तो कशावरून चालला आहे ते पाहण्यासारखे आहे. शोधायचा संकेत अर्ध्या केल्विनचा किंवा त्याहूनही कमी, आणि आकाशाची स्वतःची पार्श्वभूमी त्याच्या हजारो पट. अशा मोजणीत दूरच्या एफएम केंद्राची लहर एखाद्या विमानावरून किंवा उल्केच्या मागावरून परावर्तित होऊन आली, तरी तिचा हिशेब द्यावा लागतो. विश्वाच्या पहिल्या ताऱ्यांबद्दलचा निवाडा शेवटी कोणती जागा किती शांत होती यावर येऊन ठेपतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की हे सारे ताऱ्यांचे झाले, जमिनीवरच्या माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट शेताच्या बांधापर्यंत पोचतो. हायड्रोजनसाठी राखलेला तोच १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा पृथ्वीकडे पाहणारे उपग्रहही वापरतात. युरोपचा 'स्मॉस' हा उपग्रह २००९ मध्ये आणि नासाचा 'स्मॅप' २०१५ मध्ये अवकाशात गेला. कोरड्या मातीपेक्षा पाण्याचे विद्युत गुणधर्म फार वेगळे असतात, म्हणून सुकलेली जमीन या लहरींत अधिक तेजस्वी आणि ओली जमीन मंद दिसते. त्या फरकावरून मातीच्या वरच्या थरातला ओलावा काढता येतो. दुष्काळाची चाहूल, पुराची शक्यता आणि पिकांचा अंदाज या तिन्हींना त्याचा उपयोग होतो. स्मॉस कामाला लागला तेव्हा बंदी असलेल्या याच पट्ट्यात, विशेषतः युरोप आणि आशियात, बेकायदा प्रक्षेपणाच्या शेकडो जागा आढळल्या. त्यांतल्या अनेक संबंधित देशांकडे पाठपुरावा करून बंद करून घ्याव्या लागल्या. यात सर्वांत धोकादायक बाब वेगळीच आहे. प्रक्षेपकाची अतिरिक्त लहर आली की जमीन असते त्याहून तेजस्वी, म्हणजेच कोरडी भासते. व्यत्यय प्रचंड असेल तर तो लगेच ओळखू येतो. सौम्य असेल तर तो खऱ्या आकड्याचे रूप घेऊन येतो आणि कोणाला शंकाही येत नाही.

वाफेच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक मोठ्या पैशाशी भिडली. पाण्याचा रेणू २२.२३५ गिगाहर्ट्झला क्षीण लहरी सोडतो आणि त्याच्या शेजारी, २३.६ ते २४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, हवामान उपग्रह वातावरणातली एकूण वाफ मोजतात. ढगांतून आरपार दिसणाऱ्या या निरीक्षणांना आपल्यासारख्या मोसमी पावसाच्या देशात विशेष मोल आहे, कारण पाऊस जिथे घडत असतो तिथे अवरक्त किरणांची नजर ढगांच्या माथ्यावरच अडते. पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेसाठी २४.२५ गिगाहर्ट्झपासून वरचा पट्टा पुढे आला तेव्हा प्रश्न उभा राहिला: मनोऱ्यांची किती शक्ती शेजारच्या या राखीव पट्ट्यात सांडू द्यायची? दर २०० मेगाहर्ट्झमागे अमेरिकेची मर्यादा दहा मिलिवॅट होती. जागतिक हवामान संघटनेची मागणी सुमारे तीन मायक्रोवॅटची, म्हणजे तिच्या तीन हजारांश होती. २०१९ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेख येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत तडजोड झाली: मनोऱ्यांसाठी आधी अर्धा मिलिवॅट, आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर सुरू होणाऱ्यांसाठी त्याचा चौथा हिस्सा. हवामानतज्ज्ञांनी मागितले होते त्यापासून हे दोन्ही आकडे दूर आहेत. भारतानेही २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विक्रीला काढला, तेव्हा हा वाद आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. गावाच्या गायरानाला बाजारभाव नसतो, म्हणून ते कोणाचेच नाही असे समजून ज्याला जसे जमेल तसे तो कुंपण आत सरकवतो. प्रत्येकाचे अतिक्रमण चार हातांचेच असते आणि काही वर्षांनी गुरांना उभे राहायलाही जागा उरत नाही. वर्णपटातल्या शांत पट्ट्यांचे तसेच चालले आहे. शेजारच्या पट्ट्याचा लिलाव होतो, त्याची किंमत हजारो कोटींत छापून येते. शांत पट्ट्यातून मिळणारा पावसाचा अंदाज, मातीचा ओलावा, विश्वाचा इतिहास यांचे बिल कोणी कोणाला पाठवत नाही. किंमत नसलेली वस्तू हिशेबात शून्य धरली जाते, ही खरी चूक आहे.

याला पहिला आक्षेप लोकशाहीच्या बाजूने येतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. मोबाइलने कोट्यवधी लोकांचे जगणे सोपे केले: बाजारभाव, पैशांची देवघेव, आजारपणात मदत, परगावच्या मुलांशी बोलणे. मूठभर शास्त्रज्ञांच्या कुतूहलासाठी ते का अडवायचे? यावर शास्त्रज्ञांचे नेहमीचे उत्तर असते की आमच्या संशोधनातूनच तुमच्या सोयी निघतात. त्यात तथ्य आहे. वाय-फायमधल्या एका महत्त्वाच्या पेटंटमागे ऑस्ट्रेलियातल्या जॉन ओसुलिव्हन यांचा गट होता आणि त्यांची मूळ पार्श्वभूमी रेडिओ खगोलशास्त्राची होती. पण हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण एखादी गोष्ट उपउत्पादनांसाठी जपायची म्हटली की उपउत्पादन आटताच ती सोडूनही देता येते. खरे उत्तर असे की इथे मोबाइल आणि शास्त्रज्ञ यांत निवड करायचीच नाही. मागणी आहे ती काही मोजक्या पट्ट्यांची, काही मोजक्या जागांची आणि चांगल्या फिल्टरची. फोनची सेवा ७०० मेगाहर्ट्झवर, १८०० वर किंवा ३५०० वर देता येते. वाफेच्या रेणूला दुसरी वारंवारिता देता येत नाही. शिवाय वाफ मोजणारा पट्टा बिघडला तर नुकसान शास्त्रज्ञांचे होत नाही, चक्रीवादळाच्या वाटेवरच्या मच्छीमाराचे आणि पेरणीची तारीख ठरवणाऱ्या शेतकऱ्याचे होते. कोट्यवधींच्या हिताचा मुद्दा दोन्ही पारड्यांत आहे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा: व्यत्यय संगणकाने काढून टाका. हे बरेचसे शक्य आहे आणि केलेही जाते. जीएमआरटीला आपल्या परिसरातल्या विजेच्या तारांवरील ठिणग्यांचा त्रास होतो. पन्नास हर्ट्झच्या विजेमुळे या ठिणग्या दर दहा मिलिसेकंदांनी उसळतात, त्यामुळे त्यांचा ठेका ओळखता येतो. अद्ययावत केलेल्या दुर्बिणीत अशा उसळ्या चालू निरीक्षणातच गाळणारी यंत्रणा बसवलेली आहे. पण गाळणे म्हणजे परत मिळवणे नव्हे. गाळलेल्या क्षणातला आकाशाचा संकेतही त्याबरोबर जातो. व्यत्यय फार प्रखर असेल तर रिसीव्हरमधला पहिलाच प्रवर्धक तुंबतो आणि खोटे संकेत सगळ्या पट्ट्यात पसरतात, मग पुढचा संगणक कितीही हुशार असून उपयोग नाही. आणि जो व्यत्यय निसर्गाची नक्कल करतो त्याचे काय? ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या नोंदींतून २००७ मध्ये एक अतिजलद रेडिओ स्फोट उजेडात आला: काही मिलिसेकंदांचा, दुसऱ्या दीर्घिकेतून आलेला. त्याच दुर्बिणीवर मग तशाच घसरत्या वारंवारितेचे, पण जमिनीवरून आल्यासारखे वाटणारे संकेत मिळू लागले आणि खऱ्या स्फोटांवरही संशय घेतला जाऊ लागला. २०१५ मध्ये उलगडा झाला. दुर्बिणीच्या आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार तो बंद होण्याआधीच उघडले की क्षणभर लहरी निसटत होत्या. अतिजलद स्फोट खरे होते हे आता निर्विवाद आहे; २०२० मध्ये तर आपल्याच आकाशगंगेतल्या एका चुंबकताऱ्यातून तसा स्फोट टिपला गेला. तरी एका स्वयंपाकघरातल्या उपकरणाने खगोलशास्त्राच्या एका नव्या शाखेभोवती काही वर्षे संशय रेंगाळत ठेवला, ही वस्तुस्थिती उरतेच. संगणकाला पॅटर्न कळतो. तो कोणाचा हे सांगायला आजूबाजूला पुरेशी शांतता लागते.

तिसरा आक्षेप कल्पक आहे: दुर्बिणी चंद्रामागे न्या. चंद्राची पलीकडची बाजू पृथ्वीच्या गोंगाटापासून झाकलेली आहे आणि आंतरराष्ट्रीय नियमांनीही तिला संरक्षित क्षेत्र मानले आहे. काही मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी तर आपले आयनांबर जमिनीपर्यंत येऊच देत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी तिकडे जावेच लागेल. पण ४५ मीटरच्या तीस डिश तिथे नेण्याचा खर्च, त्यांची दुरुस्ती आणि चौदा दिवसांच्या रात्री यांचा विचार केला तर हा मार्ग काही थोड्या प्रयोगांपुरताच आहे. शिवाय हवामान उपग्रहाला हा उपाय लागूच पडत नाही. त्याला पाहायची आहे ती पृथ्वी, आणि गोंगाट पृथ्वीवरच आहे.

उलट अवकाशच आता गोंगाटाचा नवा उगम झाले आहे. जमिनीवरच्या दुर्बिणीला डोंगराचा आडोसा घेता येतो, वाळवंटात जाता येते; डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहापासून आडोसा नाही. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीने स्टारलिंकचे उपग्रह तपासले तेव्हा ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान त्यांच्यातून लहरी निघताना आढळल्या. हे त्यांचे प्रक्षेपण नव्हते, आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून होणारी गळती होती. पुढच्या पिढीच्या उपग्रहांतली गळती आधीच्यापेक्षा ३२ पटींपर्यंत जास्त असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे नियमांतली फट उघडी पडते. ठरवून केलेल्या प्रक्षेपणाला परवाना लागतो, जमिनीवरच्या उपकरणांच्या गळतीला मानके आहेत. उपग्रहाच्या अशा गळतीला रेडिओ नियमांत तशी स्पष्ट मर्यादा नाही. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या 'स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे' प्रकल्पात १,३१,०७२ लहान अँटेना आणि १९७ डिश असतील आणि भारताने त्यातल्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. निर्जन जागा निवडूनही या प्रकल्पाला वरून येणारा गोंगाट चुकणार नाही. तरी हा प्रश्न असाध्य मानायचे कारण नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने त्याच उपग्रह कंपनीबरोबर प्रयोग करून दाखवले की दुर्बीण कुठे रोखली आहे हे आधी कळवले तर उपग्रहाला आपला झोत तेवढ्यापुरता वळवता किंवा थांबवता येतो. आणि दोष सगळा व्यापाऱ्यांचा आहे असेही नाही. ढगांचा अभ्यास करणाऱ्या क्लाउडसॅट उपग्रहाचे ९४ गिगाहर्ट्झचे रडार थेट समोर आले तर रेडिओ दुर्बिणीच्या रिसीव्हरला इजा पोचवू शकेल इतके प्रखर होते. जो बोलतो त्याने आधी पाहावे, हा नियम शास्त्रज्ञांनाही लागू आहे.

उरतो तो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो जुन्नर-संगमनेर भागातल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ प्रस्तावित मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा होता. तो जीएमआरटीच्या परिसरातून जातो म्हणून अडला आणि शिर्डीमार्गे वळसा घेणारा पर्याय पुढे आला. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या छतावरचा पेंटोग्राफ तारेला घासताना ठिणग्या उडतात आणि त्यांची लहर दुर्बिणीच्या नेमक्या पट्ट्यांत पसरते, तेव्हा शास्त्रीय हरकत निराधार नाही. पण ज्यांनी कित्येक वर्षे त्या रेल्वेची वाट पाहिली त्यांची नाराजीही निराधार नाही. देशाने मिरवायची दुर्बीण आणि तिची किंमत एकट्या तालुक्याने मोजायची, हा न्याय नव्हे. शांतता ही सार्वजनिक संपत्ती असेल तर तिचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतून व्हायला हवा: बोगदे, लहरी अडवणारे आडोसे, वेगळा मार्ग किंवा त्या बदल्यात दुसऱ्या रूपाने दळणवळणाची सोय, यांतला जो उपाय मोजमापांनी योग्य ठरेल त्याचा. अमेरिकेने १९५८ मध्येच ग्रीन बँक वेधशाळेभोवती सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचे शांत क्षेत्र आखले. तिथे लोक राहतात, उद्योग चालतात. प्रक्षेपकांची जागा आणि शक्ती मात्र समन्वयाने ठरते. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये खगोलशास्त्रासाठी अनुकूल प्रदेश जपण्याचा स्वतंत्र कायदाच केला. नियम आधीपासून लेखी आणि सर्वांना ठाऊक असले की रेल्वेची आखणी करणारा अभियंता ते पहिल्या नकाशातच धरून चालतो, आणि शेवटच्या टप्प्यावर गाव विरुद्ध विज्ञान असा सामना उभा राहत नाही.

जीएमआरटीच्या या शांततेतून काय मिळते याचे ताजे उदाहरण जून २०२३ मधले आहे. स्पंदक ताऱ्यांच्या घड्याळांसारख्या ठोक्यांतला सूक्ष्म फरक वर्षानुवर्षे मोजून जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केले की अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या गुणगुणीचा पुरावा सापडला आहे. बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांतून ती येत असावी. युरोपीय गटाच्या त्या निष्कर्षात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. कमी वारंवारितेवरची ही निरीक्षणे ताऱ्यांमधल्या विरळ वायूचा परिणाम वेगळा काढायला उपयोगी पडतात आणि अशा निरीक्षणांना गोंगाट सर्वांत आधी मारतो.

तेव्हा निवाडा कोणत्या दिशेने द्यायचा हे पुराव्यांवरून स्पष्ट आहे. वर्णपटाच्या लिलावाआधी शेजारच्या शांत पट्ट्यावर काय परिणाम होईल याचा जाहीर हिशेब मांडला जावा. उपग्रहांच्या गळतीला आंतरराष्ट्रीय मर्यादा यावी. आणि जीएमआरटीसारख्या जागांना प्रत्येक प्रकल्पागणिक नव्याने भांडावे लागू नये असे कायद्याचे संरक्षण, स्थानिकांच्या भरपाईसह, मिळावे. शांत क्षेत्रांना उपग्रहांच्या एकत्रित व्यत्ययापासून कसे वाचवायचे हा विषय २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेच्या कार्यसूचीवर आहे. भारताने तिथे दूरसंचार बाजारपेठ म्हणून बोलावेच, पण मोसमी पावसावर जगणारा आणि जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक सांभाळणारा देश म्हणूनही बोलावे. फोनसाठी दुसरा पट्टा शोधता येतो. वाफेसाठी आणि हायड्रोजनसाठी तो कोणालाच शोधता येणार नाही.